कॅनडा स्वतंत्र झाला तो दिवस कोणता? दहावीच्या इतिहासातील एका प्रश्नाचे दोन रकाने

१/ भारत स्वतंत्र कधी झाला, असे विचारले तर शाळकरी मूलही क्षणात तारीख सांगते. कॅनडा स्वतंत्र कधी झाला, असे विचारले तर तेथील जाणकारही क्षणभर थांबतो. १८६७? १९१७? १९३१? की थेट १९८२? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. हा प्रश्न ज्यांना परीक्षेत सोडवायचा आहे त्या मुलांसाठी आहे, आणि त्यांना अभ्यासात मदत करू पाहणाऱ्या पालकांसाठीही.

२/ आधी पार्श्वभूमी. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात दहावीला 'पहिल्या महायुद्धापासूनचा कॅनडाचा इतिहास' हा विषय सक्तीचा आहे. तेथे आपल्यासारखी बोर्डाची परीक्षा नसते. शाळाच प्रश्नपत्रिका काढते. नुसत्या सनावळीवर त्यात भागत नाही. एखादी घटना राष्ट्रनिर्मितीचा निर्णायक टप्पा मानावी का, असा प्रश्न येतो आणि बाजू घेऊन, पुरावे देऊन लिहावे लागते. मराठी घरांतील अनेक मुलेही आज हा विषय शिकतात. शिवकालापासून १९४७ पर्यंतचा इतिहास मुखोद्गत असलेले त्यांचे आईवडील येथे मात्र अडखळतात.

३/ म्हणून एक साधी युक्ती. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या रकान्यात लिहा : लंडनच्या हातातला अधिकार ओटावाकडे केव्हा आला? उजव्या रकान्यात लिहा : ओटावाकडे आलेला अधिकार देशातल्या कोणापर्यंत पोहोचला आणि कोण वगळले गेले? आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर १५ ऑगस्ट १९४७ डाव्या रकान्यात जाईल. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन विमुक्त जमातींची सुटका झाली तो ३१ ऑगस्ट १९५२ उजव्या.

४/ डावा रकाना १८६७ पासून सुरू होतो. १ जुलै १८६७ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने वसाहती एकत्र येऊन चार प्रांतांचा कॅनडा झाला. अंतर्गत कारभार स्वतःचा. परराष्ट्र व्यवहार लंडनचा. म्हणूनच ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले तेव्हा कॅनडाही आपोआप युद्धात ओढला गेला. युद्ध करायचे की नाही, हे ठरवणे ओटावाच्या हातीच नव्हते. किती सैन्य द्यायचे, एवढेच ती ठरवू शकत होती.

५/ उजव्या रकान्यातील पहिली नोंद याच्या बारा दिवस आधीची आहे. २३ जुलै १९१४ रोजी 'कोमागाता मारू' हे जहाज व्हँकुव्हरच्या बंदरातून हुसकावण्यात आले. त्यावर आलेल्या ३७६ भारतीयांपैकी बहुतेक पंजाबी शीख होते. दोन महिने जहाज धक्क्यापासून दूर उभे होते; जेमतेम दोन डझन प्रवाशांना उतरू दिले गेले. परतल्यावर कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी ठार झाले.

६/ येथे विद्यार्थ्याने 'कायदा कसा चालला' हे लिहावे. गुण तेथे आहेत. भारतीय हे ब्रिटिश प्रजाजन होते, म्हणून साम्राज्यात त्यांना नाव घेऊन बंदी करणे अडचणीचे होते. कॅनडाने १९०८ मध्ये नियम केला : मायदेशातून एकाच तिकिटावर, न थांबता येणाऱ्यालाच प्रवेश. भारतातून तसा प्रवास घडवणारी जहाजसेवाच उपलब्ध नव्हती. नियमात भारताचे नाव कोठेही नव्हते, आणि तरी तो भारतीयांसाठीच होता.

७/ या घटनेने उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गदर चळवळीला मोठे बळ दिले. त्या चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. ही एक नोंद आपल्या घरच्या इतिहासाशीही जोडलेली आहे.

८/ आता विमी. ९ ते १२ एप्रिल १९१७. फ्रान्समधील विमीची टेकडी. कॅनडाच्या चारही डिव्हिजन प्रथमच एकत्र लढल्या आणि टेकडी जिंकली. ३,५९८ सैनिक पडले, सात हजारांवर जखमी झाले. 'या टेकडीवर कॅनडा राष्ट्र म्हणून जन्मला' हे वाक्य पुढे रूढ झाले. परीक्षेत हेच वाक्य देऊन 'आपण सहमत आहात का?' असे विचारले जाण्याचा संभव मोठा असतो.

९/ सहमतीच्या बाजूने लिहायला पुष्कळ आहे. सुमारे ८० लाख लोकसंख्येच्या देशाने सहा लाखांवर माणसे सैन्यात घेतली, साठ हजारांवर गमावली. त्या बळावर पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांनी शांतता परिषदेत कॅनडासाठी वेगळे स्थान मागून घेतले. व्हर्सायच्या तहावर कॅनडाच्या प्रतिनिधींनी स्वतंत्र सह्या केल्या आणि राष्ट्रसंघात देशाला स्वतःचे आसन मिळाले.

१०/ पण त्याच वर्षाचा उजवा रकाना पाहा. १९१७ मध्येच सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. क्वेबेकमधील फ्रेंच भाषकांना हे युद्ध परक्या साम्राज्याचे वाटत होते. डिसेंबरच्या निवडणुकीत बोर्डन जिंकले, पण क्वेबेकच्या ६५ पैकी ६२ जागा विरोधी नेते विल्फ्रिड लॉरिए यांच्याकडे गेल्या. पुढच्या वर्षी ईस्टरच्या सुमारास क्वेबेक शहरात दंगली उसळल्या आणि सैनिकांच्या गोळीबारात चार नागरिक ठार झाले. ज्या वर्षी राष्ट्र जन्मले म्हणतात, त्याच वर्षी ते भाषेच्या रेषेवर दुभंगले.

११/ मताधिकाराचे राजकारणही याच निवडणुकीत दिसते. सैनिकांच्या आई, पत्नी, बहिणी, मुली यांना मत मिळाले, कारण त्या भरतीच्या बाजूने मत देतील असा हिशेब होता. त्याच कायद्याने शत्रुदेशांतून आलेल्या, १९०२ नंतर नागरिक झालेल्या हजारो पुरुषांचे मत काढून घेतले. १९१८ मध्ये केंद्रीय निवडणुकीत स्त्रियांना सर्वसाधारण मताधिकार मिळाला. मूळनिवासी व आशियाई वंशाच्या स्त्रिया मात्र बहुतांशी त्याबाहेर राहिल्या.

१२/ याच काळातील एक कायदा नीट लक्षात ठेवा : ऑगस्ट १९१४ चा 'युद्ध उपाययोजना कायदा'. मंत्रिमंडळाला संसदेला न विचारता अटक, नजरकैद, जप्ती करण्याचा अधिकार यातून मिळाला. पहिल्या महायुद्धात साडेआठ हजारांवर लोक छावण्यांत डांबले गेले. त्यांत बहुसंख्य युक्रेनियन होते. त्यांचा गुन्हा एवढाच की ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यातून आले होते. हा कायदा पुढे आणखी दोनदा भेटणार आहे.

१३/ आता १९२३. एका वर्षात तीन नोंदी, आणि तिन्ही एकत्र वाचल्या तरच अर्थ उलगडतो.

मार्चमध्ये कॅनडाने हॅलिबट माशांच्या मासेमारीविषयी अमेरिकेशी करार केला आणि प्रथमच ब्रिटिश सहीशिवाय, एकट्याच्या सहीने केला. विषय माशांचा, पण पायंडा सार्वभौमत्वाचा. ही डाव्या रकान्यातील नोंद.

१४/ दुसरी नोंद १ जुलै १९२३ ची. देशाच्या वाढदिवशीच नवा कायदा लागू झाला आणि चिनी स्थलांतर जवळजवळ पूर्ण थांबले. याआधी चिनी माणसाकडून दरडोई ५०० डॉलर प्रवेशकर घेतला जात असे. आता पैसे देऊनही दार बंद. रेल्वेमार्ग बांधायला आलेल्या माणसांच्या बायकामुलांना २४ वर्षे समुद्रापलीकडे राहावे लागले. चिनी समाजात १ जुलै हा 'अपमान दिन' म्हणून पाळला जाऊ लागला.

१५/ तिसरी नोंद जिनिव्हाची. ऑन्टारियोतील 'सिक्स नेशन्स' या मूळनिवासी राष्ट्रसमूहाचे प्रतिनिधी डेस्काहे आपल्या लोकांनी दिलेल्या पारपत्रावर त्या वर्षी राष्ट्रसंघाच्या दारी गेले. आम्ही ब्रिटिश राजाचे मित्र होतो, प्रजा नव्हे; आमचा कारभार आमच्याकडे राहू द्या, एवढीच त्यांची मागणी. ज्या राष्ट्रसंघात कॅनडाने नुकतेच वेगळे आसन मिळवले होते, तेथे डेस्काहेंना बोलूही दिले गेले नाही. १९२४ मध्ये कॅनडा सरकारने त्यांची परंपरागत परिषद बरखास्त केली. पुढच्या वर्षी ते वारले.

१६/ वेगळे आसन मागण्याचा बोर्डन यांचा युक्तिवाद आणि डेस्काहेंचा युक्तिवाद शेजारी ठेवून पाहा. दोघेही म्हणत होते, आमच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये. एकाचे म्हणणे पाठ्यपुस्तकात 'स्वायत्ततेचा टप्पा' ठरले. दुसऱ्याचे म्हणणे फार काळ तळटीपेतही नव्हते.

१७/ पुन्हा डावीकडे. १९२६ मध्ये पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी संसद बरखास्त करण्याची शिफारस केली. लंडनने नेमलेल्या गव्हर्नर जनरलांनी ती नाकारली आणि विरोधी नेते आर्थर मीगन यांना सरकार बनवायला बोलावले. ते सरकार काही दिवसांत कोसळले. निवडणुकीत किंग पुन्हा आले. हे गव्हर्नर जनरल म्हणजे ज्युलियन बिंग, विमी येथे कॅनडाच्या सैन्याचे नेतृत्व करणारे ब्रिटिश सेनापती. ज्यांच्या हाताखाली 'राष्ट्र जन्मले', त्यांच्याशीच नऊ वर्षांनी त्या राष्ट्राच्या अधिकारावरून खटका उडाला.

१८/ त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत ब्रिटन व स्वयंशासित वसाहतींचा दर्जा समान मानला गेला. ११ डिसेंबर १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्यावर मोहोर उमटली. यापुढे ब्रिटिश संसद कॅनडाच्या मागणीशिवाय त्याच्यासाठी कायदा करणार नव्हती. १९३९ मध्ये फरक दिसला : ब्रिटनने ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले, कॅनडाने आपल्या संसदेत चर्चा करून १० सप्टेंबरला. हे सात दिवस उत्तरपत्रिकेत अवश्य लिहा.

१९/ याच दोन तारखांच्या मध्ये, १९२७ मध्ये, इंडियन कायद्यात एक कलम घातले गेले. मूळनिवासींनी जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीविना पैसा गोळा करणे हा गुन्हा ठरला. वकील देण्याची वाटच बंद झाली. १९५१ पर्यंत हे कलम जिवंत होते. त्यांच्या मुलांना १९२० च्या दुरुस्तीने निवासी शाळांत सक्तीने नेता येत होते. भाषा, नाव, घर यांपासून तोडणाऱ्या या शाळांत एकूण दीड लाखांवर मुले गेली. अखेरच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती ११ जून २००८ रोजी.

२०/ आता एक गाठ, जी चांगल्या उत्तराला उत्तम करते. लंडनचा अधिकार नेहमीच उजव्या रकान्याच्या विरोधात नव्हता. 'स्त्री ही कायद्याने व्यक्ती आहे का, आणि ती सिनेटची सदस्य होऊ शकते का?' हा प्रश्न अल्बर्टातील एमिली मर्फी व त्यांच्या चार सहकारी स्त्रियांनी उपस्थित केला. १९२८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी होकार दिला तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने. म्हणजे ज्या लंडनपासून ओटावाला सुटका हवी होती, त्याच लंडनमध्ये कॅनडाच्या स्त्रियांना न्याय मिळाला.

२१/ दुसऱ्या महायुद्धात १९१४ चा तो कायदा पुन्हा भेटतो. १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे २२ हजार लोकांना हलवण्यात आले. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते किंवा तेथेच जन्मलेले होते. 'सांभाळून ठेवतो' म्हणून ताब्यात घेतलेली घरे, शेते, मासेमारीच्या बोटी सरकारने विकून टाकल्या. युद्ध १९४५ मध्ये संपले. किनाऱ्यावर परतण्याची मुभा १९४९ मध्ये मिळाली. माफी व प्रत्येक हयात व्यक्तीस २१ हजार डॉलर, हे १९८८ मध्ये.

२२/ १९४७ मध्ये प्रथमच दोन्ही रकाने एकाच दिशेने सरकताना दिसतात. १ जानेवारीपासून 'कॅनडाचे नागरिकत्व' ही स्वतंत्र गोष्ट झाली. तोवर सारे ब्रिटिश प्रजाजनच होते. त्याच वर्षी चिनी बंदीचा कायदा रद्द झाला आणि ब्रिटिश कोलंबियात चिनी व भारतीय वंशाच्या नागरिकांना मत मिळाले. भारतीयांचे मत तेथे १९०७ मध्ये काढून घेतले गेले होते, म्हणजे चाळीस वर्षांनी ते परत आले. मूळनिवासींना आपला कायदेशीर दर्जा न गमावता केंद्रीय निवडणुकीत मत देता येऊ लागले ते १९६० मध्ये.

२३/ १९६० हे क्वेबेकच्या 'शांत क्रांती'चेही वर्ष. जाँ लसाज यांचे सरकार आले, शिक्षण चर्चच्या हातून शासनाकडे आले, वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. 'आमच्या घरचे मालक आम्ही' हा त्यांचा नारा होता. ओटावाचे लंडनशी जे भांडण होते, तेच आता क्वेबेकचे ओटावाशी झाले. ऑक्टोबर १९७० मध्ये एका अतिरेकी गटाने ब्रिटिश अधिकारी जेम्स क्रॉस व प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांचे अपहरण केले. लापोर्त यांची हत्या झाली. पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी १९१४ चा तोच कायदा तिसऱ्यांदा लावला आणि सुमारे ५०० लोक पकडले. बहुतेकांवर आरोपच ठेवला गेला नाही. हा कायदा १९८८ मध्ये बदलला.

२४/ १९३१ नंतरही एक दोरी लंडनमध्ये राहिली होती : घटनादुरुस्ती. राज्यघटना ब्रिटिश संसदेचा कायदा होती आणि ती बदलायला लंडनलाच जावे लागे. हा हट्ट ब्रिटनचा नव्हता. दुरुस्ती कोणत्या पद्धतीने करायची यावर केंद्र व प्रांत यांचे एकमत होईना, म्हणून कॅनडानेच ती किल्ली लंडनला ठेवायला दिली होती. भारताने आपली घटना १९५० मध्ये अमलात आणली. कॅनडाला ही किल्ली परत घ्यायला १९८२ उजाडले.

२५/ १९८० च्या अखेरीस मूळनिवासींनी व्हँकुव्हरहून ओटावाला रेल्वेगाड्या भरून मोर्चा नेला; त्यांचे प्रतिनिधी लंडनलाही गेले. राजाने केलेले करार नव्या घटनेत बुडतील, ही त्यांची धास्ती होती. नोव्हेंबर १९८१ च्या तडजोडीतून त्यांच्या हक्कांचे कलम वगळलेही गेले. विरोध झाल्यावर ते परत आले. तेच आजचे ३५ वे कलम. १७ एप्रिल १९८२ रोजी राणी एलिझाबेथ यांनी ओटावात सही केली. क्वेबेकने मात्र त्या तडजोडीला संमती दिली नाही.

२६/ क्वेबेकला सामावून घेण्यासाठी झालेला मीच लेक करार जून १९९० मध्ये कोसळला. मॅनिटोबाच्या विधानसभेत एलायजा हार्पर या मूळनिवासी सदस्याने गरुडाचे पीस हाती धरून 'नाही' म्हटले, कारण त्या करारात त्यांच्या लोकांचा विचार नव्हता. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक अवघ्या ५०.५८ टक्के मतांनी कॅनडात राहिले. उजव्या रकान्यातला माणूस आता डाव्या रकान्यातली घटना अडवू शकत होता.

२७/ आता उत्तर कसे बांधावे? नुसते 'विमी निर्णायक होती' किंवा 'नव्हती' लिहू नका. असे लिहा : 'विमीने कॅनडाला जगात आवाज दिला, पण तो आवाज कोणाचा, हे १९१७ मध्ये ठरले नव्हते.' मग प्रत्येक परिच्छेदात डाव्या रकान्यातील एक आणि उजव्या रकान्यातील एक पुरावा द्या. साल, काय घडले, आणि त्याने काय बदलले, या क्रमाने. तिसरा भाग सुटला की गुण सुटतात.

२८/ आणि मराठी घरातील मुलांसाठी शेवटचे. १९६७ मध्ये कॅनडाने गुणांकन पद्धत आणली : शिक्षण, कौशल्य, भाषा यांवर प्रवेश, वंशावर नाही. आपल्याकडचे अभियंते, डॉक्टर तेथे स्थिरावू शकले ते या बदलामुळे. तो बदल आपोआप झाला नाही. १९१४ मध्ये बंदरात अडवलेले, १९२३ नंतर कुटुंबापासून तुटलेले, १९४२ मध्ये घर गमावलेले लोक आणि त्यांची मुले हक्कासाठी भांडत राहिली, म्हणून दार उघडले. हा 'त्यांचा' इतिहास पाठ करताना आपण त्या दारातूनच आत आलो आहोत, हे ध्यानी असावे.

२९/ तेव्हा कॅनडा स्वतंत्र झाला तो दिवस कोणता? डाव्या रकान्यातले शेवटचे उत्तर १७ एप्रिल १९८२. उजव्या रकान्याच्या तळाशी अजून जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी सोडणे हेच तेथे बरोबर उत्तर आहे.

(धागा समाप्त. दहावीचा कोणी विद्यार्थी ओळखीत असेल तर त्याच्यापर्यंत अवश्य पोहोचवा.)